ऑपरेशन झालं, भोक बुजलं... मग दरवर्षी होल्टर कशाला?

परळकर

शेजारच्या धाग्यावर एका आईने विचारलं होतं: मुलाच्या हृदयातलं भोक शिवून झालं, एको (हृदयाची सोनोग्राफी) छान आला, पोरगं सायकल चालवतंय, मग डॉक्टर दरवर्षी चोवीस तासांचा होल्टर (अंगावर वागवायचा ईसीजी) का लावायला सांगतात? पैसे काढायचे धंदे की काय? उत्तर लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा. मी लहान मुलांच्या कार्डियाक आयसीयूत डॉक्टर आहे. कुठल्या, ते विचारू नका, टोपणनावाने लिहिण्यातली मजा जाईल.

आधी ठोके कोण चालवतं ते. उजव्या वरच्या कप्प्यात एसए नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. तो विजेचा संदेश सोडतो, वरचे दोन कप्पे आकुंचन पावतात. मग संदेश मधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर रेंगाळतो आणि हिज बंडल नावाच्या बारीक जुडीतून खालच्या दोन कप्प्यांत उतरतो. विजेला वरून खाली जायला एवढी एकच वाट, बाकी सगळीकडे तंतूंचा पडदा आडवा.

गोम अशी, की खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक, म्हणजे व्हीएसडी, बहुतेकदा नेमकं या जुडीला खेटून असतं. आणि सर्जनला जुडी डोळ्यांना दिसत नाही. जुन्या वाड्याच्या भिंतीत खिळा मारताना आतली वायर कुठून गेली असेल ते जसं अंदाजाने ताडावं लागतं, तसं तो आजूबाजूच्या खुणांवरून ताडतो आणि टाके घालतो. त्यात काही दोषांमध्ये ही वाटच भलतीकडून जाते. एव्ही कॅनाल (हृदयाच्या मधोमध मोठं भोक) या दोषात (डाऊन सिंड्रोमच्या मुलांमध्ये हा बराच दिसतो) नोड नेहमीच्या जागेच्या मागे आणि खाली सरकलेला असतो. 'करेक्टेड ट्रान्सपोझिशन'मध्ये (खालचे दोन कप्पे उलटसुलट बसलेले) तर जुडी इतकी लांबची आणि नाजूक असते, की कोणी हात न लावताही दरवर्षी शंभरातल्या साधारण दोघांची वाट आपोआप बंद पडते.

म्हणजे लयीची भानगड तीन वेळांना उपटते: काही मुलं ती जन्मतःच घेऊन येतात, काहींना ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत होते, आणि काहींना वीस-पंचवीस वर्षांनी, जेव्हा घरचे सगळं विसरलेले असतात.

मला सविस्तर लिहायचंय ते मधल्या वेळेबद्दल, कारण आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या आईबापांना तेव्हाच सगळ्यात कमी कळवलं जातं.

टेट्रालॉजीचं (जन्मतः हृदयात चार दोष एकत्र) किंवा व्हीएसडीचं ऑपरेशन झालेलं सहा-आठ महिन्यांचं बाळ. पहिली रात्र. मॉनिटरवर ठोके १४० होते ते चढत चढत १९०, २०० वर जातात आणि रक्तदाब उतरायला लागतो. याला म्हणतात जंक्शनल एक्टॉपिक टॅकिकार्डिया, आम्ही आपलं 'जेट' म्हणतो. ऑपरेशनमध्ये ओढाताण झालेली, सुजलेली ती जुडी स्वतःच संदेश सोडायला लागते, वरच्या नोडला जुमानत नाही. वरचे कप्पे एका तालात, खालचे दुसऱ्याच. खालचे कप्पे नीट भरण्याआधीच आकुंचन पावतात, आणि नुकत्याच शिवलेल्या हृदयाला हे झेपत नाही.

इथे नेहमीची हत्यारं चालत नाहीत. ॲडेनोसिन दिलं तरी जेट थांबत नाही, शॉक दिला तरी थांबत नाही, कारण हा गोल फिरणारा करंट नाही, चिडलेल्या पेशींचा उद्रेक आहे. मग चिडवणाऱ्या गोष्टी एकेक करून काढून घ्यायच्या. ताप उतरवायचा आणि त्याच्याही खाली जायचं: बाळाला थंड गादीवर ठेवून शरीराचं तापमान ३४-३५ अंश सेल्सिअसवर आणतात. झोपेचं औषध वाढवतात, म्हणजे ते कुडकुडणार नाही. ॲड्रेनॅलिनसारखी औषधं, जी रक्तदाबासाठीच चालू असतात, ती जमेल तितकी कमी करायची. ही तारेवरची कसरत, कारण दाब तर हवाच असतो. मॅग्नेशियम, पोटॅशियम नीट करायचं. तरी ऐकलं नाही तर अमिओडॅरोन. आता काही ठिकाणी नाकातल्या नळीतून आयव्हॅब्रॅडिनही देतात आणि त्याचा गुण येतो. ठोके जरा खाली आले, की वरच्या कप्प्याला बाहेरच्या पेसमेकरने त्याहून थोडं जास्त वेगात चालवायचं, म्हणजे वर-खाली ताल पुन्हा जुळतो. बहुतेक जेट दोन ते पाच दिवसांत आपणहून निवतं. पण तोवर काचेतून आत बघणाऱ्या आईला एवढंच दिसतं, की ताप नसलेल्या आपल्या लेकराला गार करून ठेवलंय. तिला कोणीतरी कारण सांगायला हवं. दोन मिनिटं लागतात.

दुसरं संकट याच्या उलट: जुडीला टाका लागला किंवा सूज आली आणि वाटच बंद. हार्ट ब्लॉक. यासाठीच ऑपरेशन संपताना सर्जन हृदयाच्या पृष्ठभागावर बारीक तारा टाचून छातीबाहेर काढून ठेवतो. साधारणपणे उरोस्थीच्या उजवीकडून निघणाऱ्या वरच्या कप्प्याच्या, डावीकडून निघणाऱ्या खालच्या. गरज पडली की त्या पलंगाला टांगलेल्या पेसमेकरच्या डबीला जोडायच्या. सूज असेल तर बहुतेक मुलांची लय सात ते दहा दिवसांत परत येते. नाही आली तर कायमचा पेसमेकर. अशी वेळ शंभरातल्या एक ते तीन मुलांवर येते. त्या दहा दिवसांत 'अजून किती वाट बघणार?' असं नातेवाईक रोज विचारतात. वाट बघणं हाच तिथला उपचार असतो.

उरलेलं प्रतिसादांत. भोकवाल्या आईला उत्तर: टाक्याचा व्रण आयुष्यभर राहतो. एको हृदयाचा आकार आणि पंप दाखवतो, वीज दाखवत नाही. होल्टर वीज दाखवतो.

खवचट_काका

लेख उत्तम. फक्त 'दोन मिनिटं लागतात' हे वाक्य छापून तुमच्या सगळ्या सहकाऱ्यांच्या टेबलावर चिकटवा. आमच्या नातवाच्या वेळी चार दिवस 'क्रिटिकल आहे' या पलीकडे एक अक्षर कोणी बोललं नव्हतं.

सांगलीची_आई

माझी मुलगी वर लिहिलेल्या शंभरातल्या एक-तिघांपैकी. व्हीएसडी शिवली, ब्लॉक झाला, लय परत आलीच नाही. दीड वर्षाची असताना पेसमेकर बसला. आता अकरावं चालू आहे, मधे एकदा बॅटरी बदलून झाली.

मोठ्या माणसांचा पेसमेकर खांद्याखाली असतो. हिचा पोटात आहे, बेंबीच्या डावीकडे, स्नायूच्या आड. तारा हृदयाला बाहेरून टाचलेल्या. मुलगी बारीक असल्यामुळे डबीची कड हाताला लागते. शाळेच्या स्कर्टचा हुक नेमका त्या कडेवर यायचा आणि संध्याकाळी तिथे लाल वळ. मुख्याध्यापकांना पत्र देऊन पिनाफोर शिवून घेतला, तेव्हापासून ती तक्रार गेली. हे कोणत्याही पुस्तकात सापडत नाही, म्हणून लिहिलं.

परळकर, दोन प्रश्न. सासूबाई अजूनही विचारतात, झोपेत बॅटरी संपली तर? आणि खांद्यात कधी बसवणार?

परळकर

सासूबाईंना सांगा, टॉर्चच्या सेलसारखी ती पटकन मरत नाही. बॅटरी उतरायला लागली, की 'आता बदला' अशी खूण पेसमेकरच देतो, आणि ती काही महिने आधी देतो. तपासणीला पोटावर जो चपटा कांडीवजा भाग ठेवतात, त्यातून हेच वाचलं जातं. म्हणून तारीख चुकवायची नाही.

खांद्याबद्दल: लहान मुलांच्या शिरा बारीक, तार आत घातली तर शीर बंद पडू शकते, आणि मूल वाढतं तशी तार ताणली जाते. पुढे साठ-सत्तर वर्षं काढायचीत, म्हणून शिरा वाचवून ठेवतात. साधारण १०-१५ किलोंनंतर शिरेतून तार घालता येते, पण 'येते' म्हणजे घालायलाच हवी असं नाही. तुमच्या बाह्य तारा चांगल्या चालत असतील तर बरेच जण मोडेपर्यंत त्याच चालवतात. आणखी एक विचारून ठेवा, तार हृदयाच्या कोणत्या भागावर टाचली आहे. उजव्या खालच्या कप्प्याला वर्षानुवर्षं पेस केलं तर काही मुलांचा पंप ढिला पडतो. डाव्या कप्प्याच्या टोकावरची तार त्या मानाने बरी. म्हणून तुमच्या लेकीला एकोही लागतो आणि पेसमेकरची तपासणीही, एकावर भागत नाही.

बालरोगवाला

मी तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ आहे. आमच्याकडे ऑपरेशन झालेली मुलं कमी येतात, पहिल्या वेळेची, म्हणजे जन्मतःच गडबड असणारी जास्त. चित्र ठरलेलं. दोन महिन्यांचं बाळ, कालपासून किरकिर, अंगावर पीत नाही, डोक्याला घाम, श्वास भराभर. घरच्यांना वाटतं पोट दुखतंय, ग्राइप वॉटर पाजून झालेलं असतं. स्टेथोस्कोप लावला तर ठोके मोजताच येत नाहीत. ईसीजीवर २४०, २६०. तान्ह्या बाळात २२० च्या वर आणि एकसारखे, न हलणारे ठोके दिसले, की एसव्हीटी (वरच्या भागातून उठणारी अतिवेगाची लय) समजायची. तापाने, रडण्याने वेग वाढतो तो कमीजास्त होत राहतो, हा काट्यासारखा एका जागी खिळलेला असतो.

पहिला उपाय बर्फ. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ आणि पाणी घालून कपाळ ते नाकाच्या वरच्या भागापर्यंत दहा-पंधरा सेकंद धरायचं, नाक-तोंड मोकळं ठेवून. गार पाण्यात बुडी मारल्यावर हृदय मंदावतं, तोच प्रतिक्षेप. चाललं तर समोरच्या पट्टीवर २५० चे एकदम १४० होतात. पाहणाऱ्या आजीला चमत्कार वाटतो, आणि खरं सांगायचं तर मलाही दरवेळी वाटतो.

नाही चाललं तर ॲडेनोसिन. हे औषध रक्तात काही सेकंदच टिकतं. पायाच्या शिरेतून सावकाश दिलं तर हृदयापर्यंत पोचायच्या आत संपतं. कोपराची मोठी शीर, सुई पक्की, तीन तोंडांचा स्टॉपकॉक, एका तोंडाला औषध, दुसऱ्याला सलाइन, आणि दोन्ही पाठोपाठ झटक्यात. माझ्या तरुण सहकाऱ्यांना एकच विनवणी: देताना ईसीजीची पट्टी चालू ठेवा आणि ती पट्टी फेकू नका. ते चार-पाच सेकंद पाहून पुढचा डॉक्टर सांगू शकतो, की जादा वाट आहे की आणखी काही.

खवचट_काका

म्हणजे नातवाचे ठोके वाढले की फ्रीजमधला बर्फ काढायचा का?

परळकर

नाही. तान्ह्या बाळाला घरी बर्फ लावत बसू नका, दवाखाना गाठा. ईसीजी जोडलेला नसताना केलं तर काय थांबलं आणि काय चालू राहिलं ते कळत नाही. आणि डोळ्यांवर दाब देणं हा जुना उपाय कोणी सुचवला तर साफ नकार द्या, डोळ्याला इजा होते. तुमचा नातू मोठा आहे ना? त्याला डॉक्टरांनी शिकवलं असेल तर मोकळ्या सिरिंजच्या तोंडात फुंकून दट्ट्या सरकवायचा, मग आडवं होऊन पाय वर. तेवढं घरी चालतं. दहा मिनिटांत थांबलं नाही, चक्कर आली किंवा छातीत दुखलं, तर सरळ इस्पितळ.

बालरोगवाल्यांनी पट्टीचं लिहिलं ते सोन्यासारखं आहे. झटका आलेला असतानाचा ईसीजी हा या सगळ्या आजारातला सर्वांत मौल्यवान कागद. झटका गेल्यावर काढलेला ईसीजी बऱ्याचदा साळसूद दिसतो.

रसिका_नाशिक

आमच्या मुलाला एब्स्टाइन आहे. उजवीकडची झडप खाली सरकलेली, आणि शिवाय डब्ल्यूपीडब्ल्यू. सर्जन म्हणतात झडपेचं ऑपरेशन करू, दुसरे डॉक्टर म्हणतात आधी ॲब्लेशन. पोरगा आठ वर्षांचा, २१ किलो. दोन वेळा भूल, दोन वेळा सगळं? डोकं चालेनासं झालंय.

परळकर

तुमच्या मुलाचे कागद न बघता सल्ला देणार नाही, पण 'आधी ॲब्लेशन' असं का म्हणतात ते सांगतो.

डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणजे वरून खाली जाणारी विजेची एक जादा वाट, झडपेच्या कडेला. संदेश एका वाटेने उतरतो, दुसरीने चढतो, आणि गोल गोल फिरत राहतो. एब्स्टाइनमध्ये पाचातल्या साधारण एका मुलाला हे असतं, आणि पुष्कळदा अशा वाटा एकापेक्षा जास्त असतात. ॲब्लेशनमध्ये मांडीच्या शिरेतून कॅथेटर नेऊन ती वाट शोधतात आणि टोकाशी तापवून जाळतात. एव्ही नोडच्या अगदी जवळ असेल तर जाळण्याऐवजी गोठवतात. गोठवताना हलका थंडावा देऊन आधी चाचपता येतं, आणि नोड कुरकुरला तर मागे फिरता येतं.

सर्जनने झडप उचलून नव्या जागी शिवली, की ती कड टाक्यांच्या आड जाते. नंतर वाट शोधणं अवघड. म्हणून आधी. साधारण १५ किलोंच्या पुढे हे काम सुरक्षित होत जातं, आणि तुमचा मुलगा त्या पुढे आहे. हल्ली थ्री-डी मॅपिंगमुळे एक्स-रेही फार कमी लागतो. विचारायचा प्रश्न हा: 'तुमच्याकडे एब्स्टाइनच्या मुलांची ॲब्लेशनं होतात का?' मोठ्यांची शेकडो करणारा डॉक्टर यात नवखा असू शकतो.

तोवरच्या औषधांबद्दल: डब्ल्यूपीडब्ल्यूमध्ये डिगॉक्सिन टाळतात. वर्षाच्या आतल्या बाळाला व्हेरापामिल देत नाहीत. प्रोप्रॅनोलॉल बऱ्याच मुलांना असतं, ते उपाशीपोटी देऊ नका, साखर उतरते. मूल उलट्या करतंय, खात नाही, अशा दिवशी डोस द्यायचा का ते आधी फोन करून विचारा.

अदिती_मेलबर्न

रसिका, आमच्याकडेही 'आधी वीज, मग प्लंबिंग' असाच क्रम ठरला होता, फक्त कारण फॉन्टनचं. लेकाला एकच चालता खालचा कप्पा. फॉन्टनमध्ये शरीराकडून येणारं निळं रक्त हृदयात न जाता नळीने थेट फुफ्फुसांकडे वळवतात. ते एकदा झालं की मांडीतून येणाऱ्या कॅथेटरला हृदयात शिरायला दार उरत नाही, नळी टोचून जावं लागतं. म्हणून फॉन्टनच्या आधी ईपी स्टडी (कॅथेटरने हृदयातली वीज आतून तपासणं) उरकून घेतली. पुढे कधी पेसमेकर लागला तर त्याच्या तारा बाहेरूनच, हेही तेव्हाच सांगून ठेवलंय.

इथे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं मिळून फॉन्टनच्या रुग्णांचं एक रजिस्टर आहे. कोणाचं ऑपरेशन कोणत्या पद्धतीचं, पुढे काय झालं, सगळी नोंद. क्लिनिकमध्ये भेटलेले चाळिशीतले फॉन्टनवाले जुन्या पद्धतीचे आहेत. वरचा कप्पाच थेट फुफ्फुसाच्या धमनीला जोडलेला, तो फुगत फुगत मोठा झालेला, आणि त्यातल्या बहुतेकांनी लयीसाठी शॉक खाल्लेले. नव्या नळीच्या पद्धतीत हे कमी होतं म्हणतात. आमचा तो अजून लहान आहे.

जुनी_पानं

इतिहासाची थोडी भर. पेसमेकर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आजोबा येतात. पण बॅटरीवर चालणारा, अंगावर वागवता येणारा पहिला पेसमेकर जन्माला आला तो वर लिहिलेल्या सांगलीच्या लेकीसारख्याच मुलांसाठी.

मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ मध्ये व्हीएसडी उघड्या हृदयावर शिवायला सुरुवात केली. काही मुलांना त्यात हार्ट ब्लॉक व्हायचा आणि ती दगावायची. तेव्हाचे पेसमेकर छातीच्या कातडीवरून मोठा झटका द्यायचे. मूल भाजून निघायचं. १९५७ च्या जानेवारीत लिलेहाय यांनी तार थेट हृदयाच्या स्नायूत टाचली, त्याने अगदी थोडा करंट पुरेसा झाला. पण यंत्र भिंतीतल्या प्लगवरच. मूल वायरच्या लांबीएवढंच हिंडणार. ३१ ऑक्टोबर १९५७ ला शहरात वीज गेली, आणि लिलेहाय यांनी इस्पितळाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन नावाच्या माणसाला बॅटरीवरचं काहीतरी करून द्यायला सांगितलं. बॅकनने एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकातली मेट्रोनोमची, म्हणजे संगीताचा ताल धरणाऱ्या यंत्राची, सर्किट घेतली आणि चारेक आठवड्यांत डबी बनवली. कुत्र्यावर चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात गेला, तर डबी एका लहान पेशंटच्या अंगावर चालू होती.

शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर स्वीडनचा, ऑक्टोबर १९५८. सर्जन ओके सेनिंग. यंत्र काही तासांतच बंद पडलं, दुसरं बसवलं. रुग्ण आर्ने लार्सन आयुष्यात वीसहून अधिक पेसमेकर वापरून २००१ पर्यंत जगले. योगायोग बघा: याच सेनिंग यांनी त्याच सुमारास ट्रान्सपोझिशनच्या (हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल) निळ्या बाळांसाठी वरच्या कप्प्यातच रक्ताची वाट उलटवायची शस्त्रक्रिया शोधली. ती मुलं वाचली, पण वरच्या कप्प्यात इतके टाके, की मोठेपणी त्यांतल्या अनेकांचा एसए नोड थकला आणि पेसमेकर लागला.

खवचट_काका

वीज गेली म्हणून पेसमेकर निघाला! महाराष्ट्रातल्या लोडशेडिंगने इन्व्हर्टरवाल्यांखेरीज कोणाचं भलं केलं नाही.

दुसरी_इनिंग

माझं टेट्रालॉजीचं ऑपरेशन १९९३ चं, चार वर्षांचा होतो. खेळताना दम लागला की उकिडवा बसायचो, असं आई सांगते. ऑपरेशननंतर शाळा, कॉलेज, नोकरी, गडकिल्ले, सगळं. 'पूर्ण बरा' हा शिक्का कपाळावर. विशीनंतर कोणाला दाखवलंच नाही, कारण दाखवायचं कोणाला हेच माहीत नव्हतं: बालरोगवाले म्हणतात तुम्ही मोठे, मोठ्यांचे डॉक्टर म्हणतात हे लहानपणीचं प्रकरण.

दोन वर्षांपूर्वी जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. व्हीटी, म्हणजे खालच्या कप्प्यातून उठणारी धोक्याची वेगवान लय, निघाली. फुफ्फुसाच्या झडपेतून इतकी वर्षं रक्त मागे गळत होतं, उजवा कप्पा फुगला होता. आता ती झडप बदलली आहे आणि खांद्याखाली आयसीडी आहे, म्हणजे गरज पडली तर आतूनच शॉक देणारं यंत्र. एकदा दिलाय. छातीवर खेचराने लाथ मारल्यासारखं वाटतं असं सांगतात, मला आधी आवाज झाल्याचंच आठवतं.

परळकर, मला एवढंच कळून घ्यायचंय. हे आधी दिसलं असतं का?

परळकर

बरेचदा दिसतं. टेट्रालॉजीत सर्जनने उजवा कप्पा उघडून वाट मोकळी केलेली असते, भोकावर ठिगळ लावलेलं असतं. ठिगळ आणि झडप यांच्या मधे स्नायूचे अरुंद पट्टे उरतात, वीज त्यांतून गोल फिरते. साध्या ईसीजीवर क्यूआरएसची, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या ठोक्याच्या खुणेची, रुंदी मोजतात. ती १८० मिलिसेकंदांच्या वर गेली की धोका वाढतो, हे १९९० च्या दशकातच लक्षात आलं. एमआरआयने उजवा कप्पा किती फुगला ते कळतं. त्यावरून झडप केव्हा बदलायची ते ठरतं. तुमच्यासारख्यांसाठी 'ॲडल्ट कन्जेनिटल' नावाची वेगळी ओपीडी काही मोठ्या केंद्रांत असते. तिथे नाव नोंदवून ठेवा.

आणि सगळ्यांसाठी: घरात एक फाइल असू द्या. ऑपरेशनची मूळ नोट (डिस्चार्ज कार्ड वेगळं, सर्जनने काय शिवलं ते लिहिलेला कागद वेगळा, तो मागून घ्यावा लागतो), झटक्याच्या वेळचा ईसीजी, पेसमेकरचं कार्ड, शेवटचा एको. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. टेट्रालॉजीच्या व्हीटीचा, फॉन्टनच्या फ्लटरचा (वरच्या कप्प्याची फडफड) आणि साध्या एसव्हीटीचा उपचार निरनिराळा आहे. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतल्या ड्युटी डॉक्टरला 'लहानपणी हार्टचं काहीतरी झालं होतं' एवढंच कळलं, तर तो बिचारा काय करणार?

रसिका_नाशिक

स्मार्टवॉचचा ईसीजी त्या फाइलमध्ये चालेल का?

परळकर

ॲपल स्वतःच आपलं ईसीजी ॲप २२ वर्षांखालच्यांसाठी नाही असं सांगते, त्यामुळे घड्याळ जे निदान छापतं त्यावर जाऊ नका. पण झटक्यात काढलेली पट्टी पीडीएफ करून डॉक्टरांना दाखवायला काहीच हरकत नाही, मी स्वतः अशा पट्ट्या आनंदाने बघतो. झटके महिन्याकाठी एखादाच येत असेल तर होल्टरच्या चोवीस तासांत तो सापडणं नशिबाचा भाग. तेव्हा जास्त दिवस लावायचे पॅच किंवा कातडीखाली बसवायचा लूप रेकॉर्डर.

बालरोगवाला

खर्चाचं कोणीच विचारलं नाही, म्हणून मीच लिहितो. अंगणवाडी आणि शाळेत जी तपासणीची गाडी येते, ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. २०१३ पासून चालू आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्यांनी हृदयाचा आवाज ऐकून पुढे पाठवलं, तर तो कागद जपा, ऑपरेशनची सोय त्यातून होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया बसतात आणि पेसमेकरही बसतो. खारघरला सत्य साईंचं संजीवनी रुग्णालय मुलांची हृदयं मोफत दुरुस्त करतं, तिथे बिलाचं काउंटरच नाही. अडतं ते पुढे: वर्षातून एकदा तपासणीला मुंबईला यायचं भाडं आणि बुडालेली मजुरी. माझ्याकडच्या मुलांचा फॉलोअप तुटतो तो याच कारणाने, अडाणीपणाने नव्हे.

सांगलीची_आई

अगदी. आम्ही एसटीने रात्री निघतो, सकाळी तपासणी, रात्री परत. लॉजचा खर्च वाचतो.

परळकर, शेवटचा प्रश्न. गणपती जवळ आले, हिच्या मैत्रिणी ढोल पथकात जातायत. हिलाही जायचंय. मोबाइल डबीपासून वीतभर लांब, इंडक्शनची शेगडी दोन फूट लांब, विमानतळावर कार्ड दाखवायचं, एवढं सगळं पाठ आहे. ढोलाचं कुठेच लिहिलेलं नाही.

परळकर

ढोल कमरेला बांधतात, आणि तो बसतो नेमका तिच्या डबीवर. तास-दोन तास तिथे दणके बसणार. ढोल नको. ताशाही पुढ्यातच लटकतो, पट्टा आणि कड कुठे टेकते ते बघावं लागेल. झांजा बिनधास्त, ध्वज धरायला हरकत नाही. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला खेटून उभं राहायचं नाही. मोठ्या स्पीकरमधलं चुंबक पेसमेकरला बुचकळ्यात टाकतं, हात-दोन हात लांब असली की पुरे.

सांगलीची_आई

झांजा म्हटल्यावर रुसली होती. आता म्हणते ध्वज, पण सगळ्यात पुढचा.